विश्लेषण : अपहरण चालकाच्या मुलाचे, खंडणीची मागणी मालकाकडे! कुरोसावांचा ‘हाय अँड लो’ आजही का अस्वस्थ करतो?

श्रीमंत कुटुंब, एक फोन, खंडणीची मागणी आणि पोलिसांना कळवू नका अशी धमकी. अपहरणावरचे बहुतेक थरारपट या चौकटीत फिरतात. जपानचे दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी १९६३ मध्ये या चौकटीत एकच बदल केला. अपहरणकर्त्याने चुकून उद्योगपतीच्या मुलाऐवजी त्याच्या मोटारचालकाचा मुलगा उचलला. या एका चुकीमुळे थरारपटाचा नैतिक पेच झाला. हिंदीत या कथेवर १९७७ मध्ये ‘इन्कार’ आला, तर २०२५ मध्ये स्पाइक ली यांनी ‘हायेस्ट टू लोएस्ट’ या नावाने ती न्यूयॉर्कमध्ये नेली. या कथेत असे आहे तरी काय?

मूळ चित्रपटाची कथा काय?

‘हाय अँड लो’चे मूळ जपानी नाव ‘तेंगोकु तो जिगोकु’, म्हणजे ‘स्वर्ग आणि नरक’. किंगो गोंडो (तोशिरो मिफुने) हा बूट तयार करणाऱ्या कंपनीतील वरिष्ठ अधिकारी. योकोहामा शहरात टेकडीवर त्याचा आलिशान, वातानुकूलित बंगला आहे. कंपनीतील इतर संचालकांना स्वस्त, तकलादू बूट विकायचे आहेत. गोंडोला दर्जा सोडायचा नाही. कंपनी ताब्यात घेण्यासाठी त्याने घरासह सारे काही गहाण टाकून ५ कोटी येन उभे केले आहेत. नेमका त्याच रात्री फोन येतो : तुझा मुलगा माझ्याकडे आहे, ३ कोटी येन दे.

गोंडो क्षणाचाही विचार न करता पैसे द्यायला तयार होतो. पण तेवढ्यात त्याचा मुलगा खोलीत येतो. खेळता खेळता दोन्ही मुलांनी कपडे बदललेले असतात आणि पळवला गेलेला असतो चालक आओकी याचा मुलगा शिनइची. अपहरणकर्त्याला चूक कळते, तरी तो मागणी सोडत नाही. मूल कोणाचेही असो, पैसे गोंडोनेच द्यायचे.

मग पेच नेमका कोणता?

पैसे दिले तर गोंडो रस्त्यावर येणार. नाही दिले तर एका निष्पाप मुलाचा जीव जाणार. स्वतःच्या मुलासाठी जो निर्णय एका क्षणात झाला, तो दुसऱ्याच्या मुलासाठी का होत नाही, हा प्रश्न चित्रपट प्रेक्षकासमोर ठेवतो. पहिला जवळपास तासभर कॅमेरा बंगल्याच्या दिवाणखान्यातून फारसा बाहेर पडत नाही. मालकापुढे गुडघे टेकून विनवणी करणारा चालक, पैसे द्या म्हणणारी पत्नी, देऊ नका म्हणणारा सहायक आणि गप्प बसून ऐकणारे पोलीस अशी सगळी माणसे एकाच रुंद चौकटीत दिसतात. चालक नंतर आपली विनंती मागे घेतो. ते पाहणे तर अधिकच जड जाते.

अखेर गोंडो पैसे देतो. धावत्या ‘कोडामा’ एक्स्प्रेसच्या प्रसाधनगृहाची खिडकी फक्त सात सेंटिमीटर उघडते; तेवढ्याच जाडीच्या बॅगांमधून रक्कम नदीकाठी फेकायची, अशी अपहरणकर्त्याची अट असते. हा प्रसंग खऱ्या गाडीत, अनेक कॅमेरे लावून चित्रित करण्यात आला. मूल सुखरूप परत येते. गोंडोचे घर आणि पद मात्र जाते.

उत्तरार्ध वेगळा कसा?

दुसऱ्या भागात चित्रपट टेकडीवरून खाली उतरतो. निरीक्षक तोकुरा (तात्सुया नाकादाई) आणि त्याचे पथक फोनमागचे आवाज, ट्रामचा खडखडाट, मुलाने काढलेले चित्र अशा बारीकसारीक धाग्यांवरून शोध घेते. बॅगांमध्ये लपवलेल्या रसायनामुळे त्या जाळताच धुराड्यातून गुलाबी धूर निघतो. संपूर्ण कृष्णधवल चित्रपटात रंग दिसतो तो फक्त इथे.

गुन्हेगार निघतो एक शिकाऊ डॉक्टर. खालच्या वस्तीतील कोंदट खोलीतून त्याला रोज टेकडीवरचा तो बंगला दिसत असतो. चित्रपट त्याच्या गुन्ह्याचे समर्थन करत नाही, पण उकाड्याने हैराण झालेली ती वस्तीही लपवत नाही. शेवटी तुरुंगात काचेच्या दोन बाजूंना गोंडो आणि तो समोरासमोर बसतात. काचेत एकाच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचे प्रतिबिंब पडते.

कथा मूळची जपानी का?

नाही. आधार आहे अमेरिकी लेखक एड मॅकबेन यांच्या ‘किंग्ज रॅन्सम’ (१९५९) या पोलीस कादंबरीचा. चुकून दुसरे मूल पळवले जाण्याची कल्पना तिथलीच. मात्र कादंबरीतील उद्योगपती खंडणी देत नाही. कुरोसावांनी त्याला द्यायला लावले आणि त्या निर्णयाची किंमतही मोजायला लावली.

कायद्याशी या चित्रपटाचा संबंध काय?

त्या काळी जपानमध्ये अपहरणाला तुलनेने सौम्य शिक्षा होती आणि ती कुरोसावांना खटकत होती. चित्रपटातले पोलीसही, आता पकडले तर आरोपी जास्तीत जास्त १५ वर्षांत सुटेल, असा हिशेब मांडतात. चित्रपट मार्च १९६३ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच महिन्याच्या शेवटी टोकियोत चार वर्षांच्या मुलाचे खंडणीसाठी अपहरण होऊन त्याची हत्या झाली. या चित्रपटाची झलक पाहिल्याचे आरोपीने नंतर सांगितले. १९६४ मध्ये जपानने दंडसंहितेत खंडणीसाठी अपहरणाचे स्वतंत्र कलम घालून जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेची तरतूद केली. गुन्ह्याविरुद्ध बोलणारा चित्रपटच गुन्ह्याला खाद्य पुरवतो का, ही चर्चा तेव्हापासूनची आहे.

इटलीने १९९१ मध्ये वेगळा मार्ग धरला. खंडणी देताच येऊ नये म्हणून अपहृताच्या कुटुंबाची मालमत्ता गोठवण्याचा कायदा तिथे झाला. म्हणजे गोंडोसमोरचा पेच तिथे सरकारनेच कुटुंबाच्या हातून काढून घेतला.

भारतात काय तरतूद आहे?

भारतीय दंडसंहितेत १९९३ मध्ये कलम ३६४-अ आले. खंडणीसाठी अपहरण केल्यास मृत्युदंड किंवा जन्मठेप, अशी ही तरतूद. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १४० (२) मध्ये आहे. मात्र केवळ अपहरण आणि पैशांची मागणी एवढ्याने हा गुन्हा सिद्ध होत नाही. जिवाला धोका किंवा इजेची धमकी, अथवा तशी वाजवी भीती वाटावी असे वर्तनही सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले.

‘इन्कार’मध्ये मराठी काय?

राज सिप्पी दिग्दर्शित ‘इन्कार’मध्ये बूट कंपनीच्या मालकाची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली. विनोद खन्ना पोलीस अधिकारी, तर अमजद खान खलनायक. इथेही मालकाच्या मुलाऐवजी नोकराचा मुलगा पळवला जातो. आज अनेकांना हा चित्रपट आठवतो तो हेलनच्या ‘मुंगडा’ नृत्यासाठी. हे गाणे गायले उषा मंगेशकर यांनी.

नव्या चित्रपटाने काय बदलले?

‘हायेस्ट टू लोएस्ट’मध्ये डेन्झेल वॉशिंग्टन संगीत कंपनीच्या मालकाच्या भूमिकेत आहेत, तर जेफ्री राइट चालकाच्या. खंडणी आहे १ कोटी ७५ लाख डॉलर. रेल्वेच्या जागी न्यूयॉर्कची मेट्रो आली आहे. मोठा बदल आहे तो लोकांच्या नजरेचा. पैसे दिले नाहीत तर समाजमाध्यमे काय म्हणतील, ही धास्ती आता मालकाच्या निर्णयात शिरते. गोंडोच्या काळात वृत्तपत्रांनी त्याला नायक केले होते. पण ते त्याने पैसे दिल्यानंतर.

घर, गाडी, फोन बदलले तरी चालक आजही मालकाच्या मुलाला शाळेत सोडतो आणि त्याचे स्वतःचे मूल बहुधा दुसऱ्याच शाळेत जाते. चुकून ते मूल उचलले गेले तर मालक काय करेल? गोंडोला उत्तर द्यायला एक रात्र लागली. प्रेक्षकाला चित्रपट संपल्यावरही ते सहज देता येत नाही.