शिट्टी नसलेला कुकर

सराई कुकरला शिट्टी नाही. स्टीलचं उंच भांडं, आत एकावर एक बसणारे डबे, घट्ट झाकण आणि तळाशी तळहाताएवढी कोळशाची शेगडी, एवढाच त्याचा संसार. डब्यांखाली पेलाभर पाणी घालायचं, कोळसे पेटवून शेगडी आत सारायची आणि आपल्या कामाला लागायचं. साधारण १०० ग्रॅम कोळशात चार-पाच माणसांचं वरण, भात आणि एक भाजी तासाभरात शिजते. कोळसे विझले की आचही संपते. ती कमी करायला किंवा बंद करायला कुणी तिथे थांबावं लागत नाही.

हा कुकर पुण्याच्या 'आरती' संस्थेचा. ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट या लांबलचक नावाची ही आद्याक्षरं. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ती उभी केली. महर्षी कर्व्यांचे नातू आणि इरावतीबाईंचे चिरंजीव ही ओळख त्यांना जन्माने मिळाली. गावाकडे त्यांचं नाव झालं ते पाचटामुळे. ऊस तोडून नेल्यावर हेक्टरी सुमारे दहा टन वाळका पाला रानात उरतो. गुरं तो खात नाहीत, कुजायला तो वेळ घेतो, म्हणून शेतकरी काडी लावून मोकळे होतात. आरतीने हा पाला बंद पिंपांत भरला आणि बाहेरून जाळ दिला. आत हवा नाही, त्यामुळे राख न होता कोळसा होतो. त्याची भुकटी खळीत मळून कांड्या पाडायच्या. या कामाला २००२ साली ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला, आणि खरकट्यावर चालणाऱ्या आटोपशीर बायोगॅससाठी २००६ साली तोच पुन्हा मिळाला.

कांड्या तयार झाल्या, पण त्या जाळायच्या कशात? उघड्या शेगडीवर पातेलं ठेवलं तर निम्म्याहून अधिक ऊब वाऱ्यावर जाते. सराईचं शहाणपण इथे आहे. चांगल्या लाकडी कोळशाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ७०० किलोकॅलरी असतात; कांडीत राख जास्त, म्हणून तिच्यात त्याहून कमी. तीन किलो अन्नपाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला साधारण २२५ किलोकॅलरी पुरतात. पुढचं काम फक्त ती ऊब धरून ठेवण्याचं, आणि त्याला फारच थोडं इंधन लागतं. आपल्या आज्या भाताला एक कढ आला की पातेलं उतरवून गोधडीत गुंडाळत, त्यामागचा हिशेब हाच.

कल्पना नवी नाही. १९१० च्या सुमारास कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर काढला. त्यातही डब्यांची उतरंड, खाली कोळसा आणि मधे वाफ. अमेरिकेत १९७१ साली विजेचा क्रॉकपॉट बाजारात आला आणि सकाळी भांडं भरून कामावर जाणाऱ्या बायकांनी तो उचलून धरला. आपल्याकडे त्याच काळात शिट्टीचा कुकर जिंकला. कारण साधं आहे. दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, पुण्याच्या उंचीवर उघडं पाणी ९८ वर उकळतं. तूरडाळीला हा फरक बरोबर कळतो.

पण घाईच्या त्या यंत्राला राखण लागते. पिंपरी, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात सकाळच्या पाळीचं घर पाचच्या आधी उठतं. एकीकडे कंपनीची बस गाठायची, दुसरीकडे पोरांची शाळा, आणि मधे कुणीतरी शिट्ट्या मोजत ओट्याशी उभं. हे 'कुणीतरी' बहुतेक घरांत कोण असतं ते सांगायला नको. मला सराईची खरी किंमत इंधनात वाटत नाही, त्या उभं राहण्याच्या सुटकेत वाटते. गंमत अशी की याच पट्ट्यातून जाणाऱ्या नाशिक रस्त्यावर 'चुलीवरचं मटण' अशा पाट्या वाचून लोक मुद्दाम गाड्या थांबवतात. मंद आचेला बाहेर पैसे मोजायचे आणि घरात तिला आळशी म्हणायचं!

तरी हा कुकर सरसकट सगळ्यांना घ्या असं मी म्हणणार नाही. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद खोलीत तो जीव घेतो. चाकणला एका खोलीत चार-पाच जण राहतात आणि खिडकीही एखादीच असते. अशा खोलीत, विशेषतः थंडीत दार लावून, सराई पेटवू नये. त्याची जागा गॅलरीत, पडवीत, मागच्या अंगणात. तिथे कोळसा पेटवून थोडा वेळ जळू द्यावा आणि मग डबे चढवावेत. ज्यांच्याकडे अशी जागा नाही त्यांनी विजेचा मंद कुकर बघावा. २०० वॅटचं यंत्र सहा तास चाललं तरी सव्वा युनिटच्या आत भागतं. त्यात राजमा मात्र थेट टाकू नका. भिजवून, ते पाणी ओतून, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळा. नुसत्या मंद आचेवर त्यातलं विष जात नाही.

सराईत रांधताना डाळ अर्धा तास भिजवून सगळ्यांत खालच्या डब्यात, तांदूळ मधल्या, दुधी किंवा बटाटा वरच्या. फोडणी नंतर गॅसवर, दोन मिनिटांची. अंड्यांना किंवा रताळ्यांना वेगळा डबा लागत नाही, भाताच्या डब्यातच ठेवली तरी चालतात. झाकण मात्र मधे उघडायचं नाही. डोकावणाऱ्याची डाळ कच्ची राहते.

पोळी या यंत्राला जमत नाही. पण पिंपरी-चिंचवडमध्ये त्याची चिंता कुणी करावी? जवळपास प्रत्येक चौकात पोळी-भाजी केंद्र आहे, आणि दुसऱ्या पाळीवरून परतणारी कितीतरी माणसं तिथून फक्त पोळ्या घेतात. भाजी नको, ती घरी आहे, असं सांगून.