चाव्यांच्या वाद्यावरची मींड

विदर्भातल्या पांढरकवड्यात सॅक्सोफोन दिसतो तो लग्नसराईत. कापसाचे पैसे हातात आले, मुहूर्त निघाले, की वरातीपुढे बँड लागतो आणि त्यात ट्रम्पेटच्या शेजारी हे वाकड्या मानेचं वाद्य सिनेमातली गाणी वाजवतं. तेच वाद्य मांडी घालून, तंबोऱ्याच्या सुरात, मृदंगाच्या साथीनं आख्खा राग उभा करू शकतं, हे सांगून पटत नाही. कर्नाटक संगीताचे सॅक्सोफोनवादक कद्री गोपालनाथ यांचं वादन ऐकवावं लागतं.

त्यांचा जन्म १९४९चा, मंगळूरजवळचा. वडील नागस्वर वाजवायचे. नागस्वर म्हणजे आपल्या सनईचाच दाक्षिणात्य थोरला भाऊ. मुलानं सॅक्सोफोन ऐकला तो म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये. म्हणजे सुरुवात त्यांचीही बँडपासूनच. फरक पडला तो पुढे. मंगळूरच्या कलानिकेतनमध्ये गोपालकृष्ण अय्यरांकडे आणि नंतर चेन्नईत टी. व्ही. गोपालकृष्णन यांच्याकडे ते शिकले. वाद्यावर हात बसायला वीसेक वर्षं लागली.

एवढी का? बेल्जियमच्या अडॉल्फ साक्सनं १८४६ मध्ये पॅरिसला सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याच्यापुढे होते लष्करी बँड. अंग पितळेचं, आवाज मात्र वेताच्या पत्तीचा. बासरीवर बोट भोकावरून हळूच सरकवता येतं, सूर सुरात वितळतो, हीच मींड. इथं बोट भोकाला लागतच नाही. चावी दाबली की झाकण पडतं, सोडली की उघडतं. सूर सुटे सुटे पडतात. कर्नाटक संगीताचा तर जीवच गमकात, म्हणजे सुराच्या हेलकाव्यात! मग काम ओठांवर आणि श्वासावर येतं. पत्तीवरचा दाब कमीजास्त करून सूर वाकवायचा, झाकण अर्धवट उघडं ठेवून मधल्या श्रुती काढायच्या. गोपालनाथांनी वाद्यातही आपल्या गरजेचे फेरफार करून घेतले.

१९८० मध्ये मुंबईच्या जॅझ महोत्सवात अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन हँडी यांनी मंचावर त्यांच्यासोबत वाजवलं, आणि नाव देशाबाहेर गेलं. १९९४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवात त्यांनी वादन केलं. त्याच वर्षी ए. आर. रहमान यांचं संगीत असलेल्या 'डुएट' चित्रपटातून ते घराघरांत पोचले. २००४ मध्ये पद्मश्री. २०१९ मध्ये मंगळुरात निधन.

पुरस्कारांपेक्षा मला त्यांची शिकवणी मोठी वाटते. त्यांच्या मुलखात आज देवळांत आणि लग्नमांडवांत सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीतातल्या रचना वाजतात, आणि वाजवणाऱ्यांत मुलीही आहेत. आपल्याकडच्या बँडवाल्यांत दम कमी नाही. त्यांना पुढ्यात बसवून राग शिकवणारा कुणी भेटला नाही, एवढंच.

गोपालनाथांचं वादन मात्र दूरवर पोचलं. अमेरिकेत वाढलेल्या रुद्रेश महंतप्पाला मोठ्या भावानं गंमत म्हणून एक ध्वनिमुद्रण भेट दिलं होतं: 'सॅक्सोफोन इंडियन स्टाइल', वादक गोपालनाथ. सॅक्सोफोनवर जॅझ शिकणारा तो पोरगा हादरला. पुढे तो गोपालनाथांपर्यंत पोचला, आणि २००८ मध्ये दोघांचा 'किन्समेन' हा अल्बम आला. त्यात व्हायोलिनवर होत्या गोपालनाथांच्या नेहमीच्या साथीदार, ए. कन्याकुमारी.