लाकडी छताला तहान जास्त!

शनिवारवाड्याला २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली ती सात दिवस धुमसत होती. तट, बुरूज, दगडी जोती राहिली आणि सागवानी मजले गेले. वाडा स्वतःच जळण होता! स्प्रिंकलरची आखणी करणारा इंजिनिअर आजही आधी हेच विचारतो: सामानाचं नंतर बघू, इमारत स्वतः पेटते का?

उत्तर भट्टी देते. अमेरिकी चाचणीत लहानसा तुकडा ७५० अंश सेल्सिअसला तापवतात. पहिल्या अर्ध्या मिनिटानंतर ज्वाळा दिसली की नापास. (हिराही शुद्ध कार्बन, म्हणजे जळणाराच. नशीब, हिऱ्याची छतं कुणी बांधत नाही.)

फॉल्स सीलिंगच्या जिप्सम बोर्डाला दोन्ही अंगांनी कागद असतो, तरी त्याला सवलत मिळते. जिप्समच्या वजनात सुमारे २१ टक्के पाणीच असतं, स्फटिकात बांधलेलं. आग आधी ते उकळत बसते.

खरी गंमत नळांच्या हिशेबात आहे. १८९६ पासून सुधारत आलेल्या ‘एनएफपीए १३’ या अमेरिकी मानकानुसार, ऑफिससारख्या कमी धोक्याच्या जागेत काँक्रीटच्या सपाट छताखाली एक स्प्रिंकलर २२५ चौरस फुटांपर्यंत सांभाळतो. जवळजवळ वासे असलेलं उघडं लाकडी छत आलं की ही हद्द १३० वर येते, कारण उष्णता वाशांच्या खणांत अडकते आणि पाण्याचा फवाराही अडतो. आपला कडीपाट डोळ्यांसमोर आणा!

त्याहून वाईट म्हणजे छताआडची पोकळी. आगीला तिथे कुणी पाहत नाही, खोलीतलं पाणीही पोचत नाही. पोकळी जळाऊ असेल तर तिच्या आतही स्प्रिंकलर लागतात. काही ठिकाणी ते न बसवण्याची मुभा असते, पण मग एरवी १,५०० चौरस फुटांना पुरेल एवढ्या पाण्याचा हिशेब सहसा ३,००० वर जातो. फॉल्स सीलिंगवर कुणी गुपचूप प्लायवूड ठोकलं, तर सगळं गणितच बदलतं.

आणि ‘जळत नाही’ म्हणजे ‘पडत नाही’ असं मुळीच नाही. पोलाद ५५० अंशांच्या आसपास जवळजवळ निम्मी ताकद घालवतं. शिकागोचं मॅककॉर्मिक प्लेस हे पोलाद-काँक्रीटचं प्रदर्शन केंद्र १६ जानेवारी १९६७ रोजी पेटलं ते आतल्या मालामुळे, आणि उघड्या पोलादी कैच्यांचं छप्पर कोसळलं. उलट जाडजूड तुळई तासाला साधारण चार सेंटिमीटर कोळसते आणि तोच कोळसा आतल्या लाकडाला जपतो. नॉर्वेत २०१९ साली ८५.४ मीटर उंचीचा लाकडी टॉवर उभा राहिला तो याच जोरावर, अर्थात स्प्रिंकलरसकट.

बाकी, १८७४ साली स्वयंचलित स्प्रिंकलरचं पेटंट घेणारे हेन्री पार्मली कोण होते? पियानोचे कारखानदार.