कुत्र्याची लस कोणासाठी?

कुत्रा पाळणाऱ्या घरांतून दोन समजुती हमखास आढळतात. 'लहानपणी एकदा इंजेक्शन दिले आहे, आता काळजी नाही' ही पहिली. आणि 'आमचा कुत्रा घराबाहेर जातच नाही, त्याला लस कशाला?' ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत. त्या का चुकीच्या आहेत हे कळले, की लसीकरणाचे वेळापत्रक मुद्दाम पाठ करावे लागत नाही.

आईची शिदोरी

रोगजंतूंना ओळखून निकामी करणाऱ्या रक्तातील प्रथिनांना प्रतिपिंडे म्हणतात. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडे जन्माआधीच वारेतून मिळतात. कुत्र्याच्या पिल्लाला मात्र वारेतून ती फार थोडी मिळतात. बहुतेक सगळी मिळतात ती जन्मानंतरच्या पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून. गाय व्याल्यावर ज्याचा आपण खरवस करतो, तसाच हा चीक. पिल्लाचे आतडे त्यातील प्रतिपिंडे जशीच्या तशी शोषून घेते, पण साधारण एक दिवसच. नंतर हे दार बंद होते.

ही शिदोरी पिल्लाचे रक्षण करते आणि तीच लसीच्या आड येते. लस म्हणजे मारलेला किंवा दुबळा केलेला रोगजंतू. तो टोचल्याबरोबर आईची प्रतिपिंडे त्याला गाठतात. पिल्लाच्या स्वतःच्या संरक्षणयंत्रणेला त्याची ओळख पटण्याआधीच तो निकामी होतो आणि लस वाया जाते.

ही शिदोरी साधारण नऊ-दहा दिवसांत निम्मी होते. वर्गात करता येईल असा एक हिशेब पाहू. समजा, भरपूर चीक प्यालेल्या पिल्लाच्या रक्तात सुरुवातीला १२८० एकके प्रतिपिंडे आहेत आणि मागे पडलेल्या भावंडाच्या रक्तात १६०. ती २० एककांपर्यंत उतरली की लस लागू पडते, असे धरू. दर दहा दिवसांनी निम्मी केल्यास भावंडाला ३० दिवस लागतात, तर पहिल्या पिल्लाला ६०. आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत, पण तत्त्व खरे आहे. एकाच वेतातील दोन पिल्लांत महिन्याचा फरक पडू शकतो.

रक्त तपासल्याखेरीज हा दिवस ओळखता येत नाही. म्हणून डिस्टेंपर आणि पार्व्हो या रोगांवरील लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत देतात. यांपैकी एक तरी टोचणी नेमकी वेळ साधते. रेबीजची पहिली लस तीन महिन्यांच्या सुमारास देतात. प्रतिपिंडे कालांतराने घटत असल्याने पुढच्या मात्राही पशुवैद्यकाने दिलेल्या तारखेला चुकवू नयेत.

घरात बसून सुटका नाही

पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. आपल्या चपलेच्या तळव्याला चिकटून तो घरात येऊ शकतो. रेबीजसाठी तर फाटकाशी आलेल्या एखाद्या पिसाळलेल्या जनावराचा एक चावा पुरतो. मांजरही या रोगातून सुटत नाही, म्हणून तिलाही लस हवी.

रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत शिरतो, तेथील मज्जातंतू गाठतो आणि त्यांच्या वाटेने मेंदूकडे सरकू लागतो. या प्रवासाला काही आठवडे ते काही महिने लागतात. मज्जातंतूंत दडल्यामुळे शरीराच्या संरक्षणयंत्रणेला त्याचा सुगावा वेळेवर लागत नाही. मेंदूतून तो लाळग्रंथींत उतरतो. लक्षणे दिसण्यापूर्वी काही दिवस कुत्र्याच्या लाळेत विषाणू असू शकतो. म्हणजे त्या दिवसांत कुत्रा वरवर धडधाकट दिसतो, मुलांबरोबर खेळतो. एकदा लक्षणे सुरू झाली, की कुत्रा असो वा माणूस, मृत्यू जवळजवळ अटळ असतो. लस घेतलेल्या कुत्र्याच्या शरीरात प्रतिपिंडे तयार असतात. ती विषाणूला मज्जातंतूत शिरण्याआधीच अडवतात. कुत्र्याची लस अशा रीतीने घरातल्या आणि शेजारच्या मुलांसाठीही असते.

गोव्याचा दाखला

हे गावोगाव करता येते का? गोव्यात २०१३ ते २०१९ या काळात अशी मोहीम राबवली गेली. ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस टोचली गेली. पाळीव आणि भटके मिळून सुमारे ७० टक्के कुत्रे सुरक्षित करण्याचे प्रमाण गाठले गेले. दहापैकी सात कुत्रे सुरक्षित असले, की एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी रोगाची साखळी तुटते. कुत्र्यांमधील रेबीजचे दरमहा प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले आणि त्या कालखंडाच्या अखेरीस माणसांचे रेबीजने होणारे मृत्यू थांबले. या मोहिमेचा दुसरा पाय शाळा हा होता. दरवर्षी सुमारे दीड लाख मुलांना या रोगाची माहिती देण्यात आली.

शिक्षकांनी काय करावे?

रागावतील या भीतीने मुले कुत्र्याचा चावा किंवा ओरखडा लपवून ठेवतात. सांगितल्यास कोणी रागावणार नाही, हा भरवसा आधी वर्गात द्यावा. जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. रेबीजच्या विषाणूवर स्निग्ध आवरण असते आणि साबणाने ते विरघळते. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. पूर्वीची पोटातली चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली आहेत. आता मोजक्याच मात्रा, त्याही दंडावर, द्याव्या लागतात. जखम खोल असेल तर तयार प्रतिपिंडेही जखमेत टोचतात. चावणारा कुत्रा लस घेतलेला असला, तरी निर्णय डॉक्टरांवरच सोडावा.

एक छोटा उपक्रमही घेता येईल. ज्यांच्या घरी कुत्रा वा मांजर आहे, त्या विद्यार्थ्यांनी जनावराची जन्मतारीख, दिलेल्या लसी आणि पुढची तारीख यांचा तक्ता करून वर्गात लावावा. 'पुढची तारीख' या रकान्यात जी जागा रिकामी राहील, त्या घरी निरोप धाडावा.