स्वस्त विमानाचा हिशेब

विमान महाग का असते, असे विचारले तर बहुतेक लोक इंजिनाकडे बोट दाखवतील. ते खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे उत्तर हिशेबाच्या वहीत असते. अमेरिकेतील ‘एक्लिप्स ५००’ या छोट्या जेट विमानाच्या इतिहासातून ते नीट उमगते.

संगणकाच्या धंद्यातून आलेल्या व्हर्न रेबर्न यांनी १९९८ साली ही कंपनी काढली. पाचसहा माणसे बसतील असे जेट सुमारे साडेआठ लाख डॉलरांत द्यायचे, हा त्यांचा संकल्प. त्या वेळी सर्वांत स्वस्त जेटची किंमतही याच्या कित्येक पट होती. मग हे जमणार कसे? एक, हलके इंजिन. दुसरे, जोडकामातील बचत. तिसरे, मोटारींसारखे मोठ्या संख्येने उत्पादन.

इंजिन प्रथम दगा देऊन गेले. जेमतेम चाळीस किलो वजनाच्या दोन इंजिनांवर विमान ऑगस्ट २००२ मध्ये उडाले खरे. पण त्यांचा जोर पुरेना. त्याच वर्षी ती सोडून द्यावी लागली. कॅनडातील प्रॅट अँड व्हिटनीचे नवे, वजनदार इंजिन घेतल्यावर विमानाची आखणीही बदलली आणि काही वर्षे गेली.

जोडकाम मात्र साधले. विमानाचा पत्रा एरवी हजारो रिवेट ठोकून जोडतात. इथे फिरता दांडा दाबून सांध्यावरून नेत. घर्षणाने धातू तापून मऊ होई, पण वितळत नसे. दोन्ही पत्रे कणीक मळावी तसे एकजीव होत. ही रीत १९९१ साली इंग्लंडात निघाली होती. तिने वेळ आणि श्रम दोन्ही वाचले. सप्टेंबर २००६ मध्ये सरकारी प्रमाणपत्र मिळाले.

तिसरा आधार होता संख्येचा, आणि तोच कच्चा निघाला. हजाराहून अधिक विमानांची मागणी ‘डेजेट’ या एकाच हवाई टॅक्सी कंपनीच्या भरवशावर होती. सप्टेंबर २००८ मध्ये ती बंद पडली. तोवर एक्लिप्सची किंमत वीस लाख डॉलरांवर गेली होती. नोव्हेंबरमध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. एकूण सुमारे २६० विमाने बनली.

विमान वाईट नव्हते. पुढे दुसऱ्या मालकांनी त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. पण मधल्या काळात शेकडो कामगारांचा रोजगार गेला आणि आगाऊ रक्कम भरलेले गिऱ्हाईकही अडकले. सांधा पक्का करणाऱ्या हातांना मागणीवही कधी दाखवली जात नाही, हे मी कामगारांत वावरून जाणतो. म्हणून कोणी ‘संख्या वाढली की किंमत उतरेल’ असे सांगू लागला, तर आपण विचारावे: मागणी पक्की किती, आणि ती आली नाही तर पगार कोणाचा थांबणार? हे विचारणे म्हणजे नव्या यंत्राला विरोध नव्हे. यंत्राइतकीच त्याच्या हिशेबाचीही चाचणी व्हावी, एवढेच मागणे आहे.