मिरची जाते, प्लास्टिक येतं!

तेलावर श्रीमंत झालेले देश तेलाशिवाय जगाला काय विकतात? उत्तर पुस्तकात शोधू नका. भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात चला!

हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. हंगामात इथून गाड्या भरून निघतात आणि त्यातली काही मिरची थेट आखाती देशांत पोहोचते. म्हणजे मिरची आपली, पैसा तेलाचा.

आता उलटा प्रवास बघा. मिरचीच्या बेडवरचा मल्चिंग पेपर, ठिबकच्या नळ्या, माल भरायच्या गोण्या, सगळं प्लास्टिक! त्याचा कच्चा माल तेल आणि नैसर्गिक वायू. भारत प्लास्टिकचे दाणे बाहेरून मागवतो, त्यात सौदी अरेबिया मोठा पुरवठादार. युरियाही वायूपासूनच बनतो. ओमानमधल्या सूर इथे इफ्को आणि कृभको यांच्या भागीदारीतला कारखाना 2005 मध्ये सुरू झाला. तिथला युरिया अनेक वर्षं भारताने घेतला.

सौदीचंच उदाहरण घ्या. 1938 मध्ये दम्मामच्या सातव्या विहिरीला भरपूर तेल लागलं आणि देशाचं नशीब पालटलं. आजही निर्यातीतली बहुतांश कमाई तेलाची. उरलेल्या, म्हणजे ‘बिगरतेल’ निर्यातीत ठळकपणे दिसतं काय? रसायनं आणि प्लास्टिक. गंमत कळली ना? कागदावर ‘बिगरतेल’, पण मूळ तेला-वायूतच!

अशी एकाच मालावर मदार असली की काय होतं? 2014 च्या मध्यात पिंपाला 110 डॉलरच्या वर असलेलं तेल जानेवारी 2016 मध्ये 30 डॉलरच्या खाली आलं. तिजोरीला खड्डा पडला. मग सौदीने 2016 मध्ये ‘व्हिजन 2030’ आणलं, 2018 मध्ये 5 टक्के व्हॅट लावला आणि 2020 मध्ये तो थेट 15 टक्के केला.

देशाला कर लावता येतो. मिरचीचा भाव पडला, तर शेतकऱ्याने कर कुणावर लावायचा? तोडणीची मजुरी तर द्यावीच लागते.

पण एक गोष्ट सौदीकडून शिकण्यासारखी आहे. त्यांनी नुसतं कच्चं तेल न विकता त्याचे दाणे, रसायनं, खतं करून विकायला सुरुवात केली. आपली मिरची मात्र बरीचशी जशी तोडली तशीच विकली जाते. पावडर, सॉस, लोणचं यांतला नफा दुसरीकडेच जातो.

तेव्हा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल, तर हा घ्या. केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणत्या देशाला काय विकलं, काय घेतलं, याचे आकडे फुकट मिळतात. ते काढा, मग गावच्या बाजारात जाऊन व्यापाऱ्यांना आणि शेतकऱ्यांना विचारा: आपण विकतो काय, आणि अजून काय विकू शकतो?