ऑफिसच्या नेटवर्कवर नेमकं कोणाला काय दिसतं?

समजा, कामठीतल्या एखाद्या कॉलेजात 100 कॉम्प्युटर एकाच नेटवर्कला जोडलेले आहेत. त्यातल्या एकात व्हायरस शिरलाय आणि रात्री गुपचूप तो बाकीची मशीन्स चाचपतोय. एका लॅपटॉपवर वायरशार्कसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर सुरू केलं, तर हे पकडता येईल?

बहुतेक वेळा नाही. कारण मध्ये स्विच आहे.

पूर्वी ऑफिसात हब असायचे. हब म्हणजे गावातली दवंडी, एकासाठी आलेला डेटा सगळ्यांच्या कानावर जायचा. स्विच पोस्टमनसारखा वागतो. कोणत्या पोर्टवर कोणतं मशीन आहे हे तो मॅक ॲड्रेसवरून लक्षात ठेवतो आणि डेटा त्याच दारात टाकतो. यामुळे वेग वाढला, खासगीपणाही वाढला. पण कोपऱ्यात बसून सगळं ऐकणं संपलं.

मग अख्खं नेटवर्क बघायचं कसं?

पहिला उपाय पोर्ट मिररिंगचा. स्विचला सांगायचं की सगळ्या डेटाची एक प्रत अमुक पोर्टवर पाठव. ऐकायला सोपं वाटतं, पण 24 पोर्टचा गिगाबिट स्विच पूर्ण भरून वाहत असेल, तर दोन्ही दिशांचा मिळून सेकंदाला 48 गिगाबिट डेटा होतो. प्रत घेणारा पोर्ट मात्र 1 गिगाबिटचा. उरलेलं सरळ गळून जातं. शिवाय नुसत्या इंटरनेटच्या वाटेवर, म्हणजे फायरवॉलपाशी पहारा ठेवला, तर एकाच स्विचवरच्या दोन मशीन्समधलं बोलणं तिथपर्यंत पोहोचतच नाही. आपला व्हायरस नेमका तिथेच फिरतोय.

म्हणून मोठ्या नेटवर्कमध्ये डेटाऐवजी त्याची नोंद ठेवतात. नेटफ्लो हे तंत्र सिस्कोने 1990च्या दशकात आणलं. मोबाइलच्या जुन्या तपशीलवार बिलासारखं ते काम करतं: कोणी कोणाला, कधी, किती वेळ. बोलणं काय झालं, ते नाही. अशी सोय असलेले स्विच आणि राउटर या नोंदी एका सर्व्हरकडे पाठवतात. रात्री दोनला लायब्ररीतला पीसी 99 मशीन्सना हाका मारत असेल, तर वहीत ते लगेच उठून दिसतं. अर्थात, वही कोणी उघडली तर.

कॉसमॉस बँकेत काय झालं होतं?

11 आणि 13 ऑगस्ट 2018 रोजी पुण्याच्या या सहकारी बँकेतून 94 कोटींहून जास्त रक्कम गेली. हल्लेखोरांनी नकली प्रॉक्सी स्विच उभा केला होता. (हा स्विच वेगळा, एटीएमचे व्यवहार मंजुरीसाठी पाठवणारी यंत्रणा.) कार्डाची विनंती बँकेच्या मूळ प्रणालीकडे जाण्याऐवजी नकली यंत्रणाच ‘मंजूर’ म्हणत राहिली आणि 28 देशांतल्या एटीएममधून नोटा निघत राहिल्या. अशा वेळी नेहमीच्या रस्त्यावरची वर्दळ अचानक कमी होणं हाही धोक्याचा इशारा असतो. तो फक्त आतल्या नोंदी बघणाऱ्यालाच दिसू शकतो.

28 एप्रिल 2022च्या सर्ट-इनच्या आदेशानुसार कंपन्या आणि सरकारी संस्थांना सिस्टिमचे लॉग 180 दिवस जपावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते.

मग बॉसला माझे व्हॉट्सॲप मेसेज दिसतात का?

नेटवर्कवरून नाही, ते एन्क्रिप्टेड असतात. कोणतं ॲप किंवा वेबसाइट, किती वाजता, किती एमबी, इतकं साधारण कळतं. लॅपटॉपच कंपनीचा असेल आणि त्यात देखरेखीचं सॉफ्टवेअर असेल, तर मात्र स्क्रीनवरचंही दिसू शकतं. तिथे स्विचचा काहीच संबंध नसतो.